मोफत म्हणजे किती

कोर्ट राजवाड्यातून विजयनगरला आलं
तेव्हा मीही आलो, वरातीमागून घोडं निघावं तसा,
टेबल, छत्री, टाइपरायटर घेऊन.
शेजारच्या पोराकडं आता लॅपटॉप आहे.
माझ्या यंत्रात अनुस्वार उठत नाही.
कागद काढून एकेक टिंब पेनानं देतो,
बाळाला तीट लावावी तसं.

मंगळवारी एक बाई आली, कवलापूरची,
डावा हात पदराखाली.
मालन ऐवळे. वय लिहा चाळीस.
मग थांबून : बेचाळीस करा, उगं खोटं नको.
कुपवाडला हळद पॉलिशच्या गिरणीत होती.
ड्रमनं अंगठा घेतला.
मालकानं रिक्षाचे पैसे दिले, दवाखान्यापर्यंतचे,
आणि हजेरीवही चाळून म्हणाला,
या नावाचं आमच्याकडं कुणीच नाही.

मी बोट दाखवलं : जिन्याखालून डावीकडं,
विधी सेवा प्राधिकरण.
बाईमाणसाला उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.
वकील मोफत.
ती उठली नाही.
"मोफत म्हंजे किती वो?"

पंचवीस वर्षं दारात बसलोय,
याचं उत्तर मला टाइप करता आलं नाही.
मोफत तिनं पाहिलेलं होतं :
मोफत गोळ्या, त्यासाठी केसपेपर,
केसपेपरसाठी रांग, रांगेसाठी खाडा,
आणि खिडकीवर, या गोळ्या बाहेरून घ्या.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ही म्हण ज्यानं केली
त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत असणार.

शेवटी मीच तिला आत नेलं.
आवटी वकीलबाई नुकत्याच आलेल्या, हेल्मेट डोक्यावरच.
केस काय, असं विचारलं नाही.
विचारलं, पट्टी कधी सुटली? रात्री ठणकतं का?
मग सांगत गेल्या, मी बडवत गेलो.

खाली छापील रेघ :
अर्जदाराच्या डाव्या हाताचा अंगठा.
मी शाईचं पॅड उघडलं.
मालननं पदर बाजूला केला.
ज्यानं हा फॉर्म छापला
त्याला वाटलं असेल,
गरिबाकडं एवढं तरी असतंच.

पॅड वाळत होतं.
"उजवा घ्या," वकीलबाई म्हणाल्या,
"आणि शेजारी टाइप करा, काका :
डावा अंगठा यंत्रात गेला, म्हणून उजवा."
केलं.
अंगठा आणि यंत्र, दोन्हींवरचं टिंब राहिलं होतं.
पेनानं दिलं. हात जरा हलला.

काम सुटून तीन महिने झालेले,
तरी उजव्या नखाच्या कडेला हळद होती.
वहीत नव्हती म्हणे.

अर्जाचे वीस रुपये मी घेतले.
वकील मोफत आहे, मी नाही.
तेव्हा फार विचार केला नाही.
रात्री केला, थोडा.

निकाल? अजून नाही.
सहा तारखा झाल्या. दोनदा साहेब रजेवर,
एकदा मालकाच्या वकिलाच्या पोटात दुखलं.
एकदा मालकाचा माणूस चहाच्या गाड्यावर गाठून म्हणाला,
पाच हजारांत मिटवून टाका की, मावशी.
मालन म्हणाली, "हे अंगठ्याचं का तारखांचं?"
आणि चहाचे दहा स्वतःच दिले.

काल ती आणखी एकीला घेऊन आली.
बिस्मिल्ला नदाफ, मिरजेची,
दोन पोरींसकट घराबाहेर काढलेली.
माझ्या छत्रीखाली ती उभीच,
एक पाय परतीच्या वाटेवर.
"पर मोफत म्हंजे नक्की किती?"

मालननं उजवा हात पुढं केला, बोटं मोजली :
"एष्टीचं अर्धं तिकीट, जाऊन येऊन.
एका दिसाचा खाडा.
भाकरी बांधून आणलीस तर खाण्याचं काय न्हाई.
आन् ह्यांचं वीस."

मी कागद चढवत होतो.
"दहा," मी म्हणालो.