उघडता येतं म्हणून

बाबांचं दुकान नार्वात, पुलाच्या अलीकडे.
पलीकडे दुसरा देश, मध्ये नदी,
दोन काठांवर दोन किल्ले,
एकमेकांवर डोळा ठेवून म्हातारे झालेले.
बाबा गेन्नादी, कुलपं उघडणारे.
रात्री-अपरात्री लोक यायचे, घरातल्या सपातांवर, बर्फातून,
दार मागे लागलेलं, आत शेगडीवर सूप.
बाबा आधी विचारायचे, घर तुमचंच ना?
मग कुलपाला कान लावायचे.

मीही तेच करते. माझी कुलपं दिसत नाहीत, एवढंच.
ताल्लिनची कंपनी, आधी सही, मग शिरकाव:
कुठवर जायचं, कशाला हात लावायचा नाही,
सगळं कागदावर.
आम्हाला म्हणतात पांढऱ्या टोपीवाले.

रोदिओन काळ्या टोपीचा.
शाळेत माझ्या पुढच्या बाकावर.
गणिताच्या बाईंचा पासवर्ड त्यानंच ओळखला,
त्यांच्या मांजरीचं नाव.
गुण वाढवले ते माझे, स्वतःचे नाहीत.
मी गप्प बसले.
मोजायचं ते तिथपासून का?

टोपी कुठल्याही रंगाची असो,
कुणीतरी कुणाला तरी ती घालतंच.

फेब्रुवारीत एका इस्पितळानं बोलावलं.
चौथ्या दिवशी सापडलं:
डायलिसिसच्या याद्या ठेवणारा जुनाट प्रोग्राम,
कडी आहे, कोयंडा नाही.
सदतीस पानांचा अहवाल दिला,
पहिल्याच पानावर लाल अक्षरं.
त्यांनी आभार मानले. पैसे वेळेवर दिले.
करारात होतं, बाहेर बोलायचं नाही.
बोलले नाही.

ऑगस्टमध्ये तेच भोक काइदीला सापडलं.
वय एकोणीस, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला,
आजोबा त्याच यादीत.
तिला कुणी बोलावलं नव्हतं.
आत गेली, आजोबांचं नाव पाहिलं, बाहेर आली,
आणि पत्र लिहिलं: तुमचं दार उघडं आहे.
खाली सही. खरं नाव.
(खरं नाव! रोदिओन पोट धरून हसला असता.)
पत्राचं उत्तर घेऊन पोलीस आले,
जाताना लॅपटॉप घेऊन गेले.
दार तसंच राहिलं.

ऑक्टोबरात कुणीतरी आत जाऊन
आतूनच कडी लावून घेतली
आणि बाहेरच्यांना किल्लीचा भाव सांगितला.
दोन दिवस नर्सबाई पेन्सिलीनं नावं लिहीत होत्या.
काइदीचे आजोबा बाकावर,
सुजलेल्या पायांवरून बुटाच्या नाड्या सोडलेल्या.

रोदिओन होता का? ठाऊक नाही.
विचारलं असतं तर म्हणाला असता,
इस्पितळाला मी हात लावत नाही.
त्याचंही काही तत्त्व आहे,
खाटकाच्या अंगणात
लाडानं वाढवलेलं एखादं कोकरू असावं तसं.

काइदीच्या खटल्यात मी तज्ज्ञ साक्षीदार.
"परवानगीशिवाय प्रवेश झाला, हे खरं?"
"खरं."
परवानगीनं शिरलेल्या बाईनं पुढे काय केलं,
हे कुणी विचारलं नाही.
मी थोडं थांबून पाहिलं, कुणी विचारतंय का.

रविवारी बाबांना सगळं सांगितलं.
ते अंगठ्यानं अंगठा चोळत राहिले.
मग म्हणाले, एकदा एक माणूस आला होता.
कागद चोख, घर त्याच्याच नावावर.
मी उघडून दिलं.
आत बायको होती. तिनंच लावलं होतं दार, त्याच्या भीतीनं.
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
चहा निवून गेला.
"तेव्हापासून आधी दार वाजवतो," म्हणाले.
"घर कुणाचं ते नंतर. आत कोण आहे, ते आधी."

उद्या पुन्हा कोर्ट.
सदतीस पानं पिशवीत घातली आहेत,
वर तो करार, माझ्या सहीचा.
पहाटेची बस. बाहेर उणे अकरा.
निघताना खुंटीवरची बाबांची कानटोपी घेतली.
अंधार होता,
रंग बघितला नाही.