तिसरा खण

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, म्याकलांच्या टॉवेल कारखान्यात
ऑफिसच्या फ्रीजमागे एक सर्व्हर आहे.
नऊ वर्षं त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.
मंगळवारी त्याच्या तिसऱ्या खणात लाल दिवा लागला
तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं
की पगार, ऑर्डरी, रंगांची खाती आणि जीएसटी
इतके दिवस कुठे राहत होते.

"चालतंय ना अजून?" लक्ष्मीपतीशेठ.
चालतंय. चौघींचं काम तिघी ओढतायत.
आणखी एक बसली, तर काहीच नाही.

बसलेलीच्या पाठीवरचं सगळं मी वहीत उतरवलं:
दोन टीबी, बहात्तरशे फेरे, सॅस.
साटा त्याच जागी बसते, पण या तिघींत मिसळत नाही.

नवी पेठेत मुनाफभाईंनी काउंटरवर पत्त्यांसारख्या डिस्क मांडल्या.
पहिली घरगुती. एखादं अक्षर अडलं
की आठवत बसणारी; तेवढ्यात कंट्रोलर तिला मेलेली समजतो.
दुसरीवर शून्य तास, आणि स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे.
"मीटर मागे फिरवलाय," मी म्हटलं.
मुनाफभाई हसले, चहा सांगितला.
तिसरी हातात घेतल्यावर वाटलं, हीच.
पण आमचा सर्व्हर पाचशे बाराच्या घासानं जेवतो
आणि हिचा घास चार हजार शहाण्णवचा.
चौथी दोन टीबीच, फक्त केसभर लहान.
मोठी असती तर चाललं असतं, उरलेली जागा तो रिकामी ठेवतो.
लहान मात्र एका घासानंही नको.

चहा पिऊन परत आले.

राजेशमकाका जॉबर दारात उभे होते, हाताला ग्रीस.
म्हणाले, "तार तुटली की त्याच लॉटचं सूत घ्यायचं, पोरी.
नाहीतर पहिल्या धुण्यात पट्टा उठतो."
मी मोठ्यानं म्हटलं, काका, इथं उलटं आहे.
या चौघी एकाच खोक्यातून आल्या, एकाच महिन्यातल्या,
एकाच उन्हाळ्यात तापल्या.
म्हणून नवी दुसऱ्या लॉटची हवी.
ते थोडा वेळ गप्प.
"आम्ही सहाजण एकाच दिवशी मिलमध्ये लागलो.
कान सगळ्यांचे एकाच साली गेले."

मग पुण्याहून दोन मागवल्या,
दोन दुकानांतून, दोन वेगळ्या महिन्यांच्या.
"दोन कशाला?" शेठ.
एक खणात, एक फळीवर.
शेठनी बिल दोनदा वाचलं आणि सही केली.

डिस्क बदलताना सर्व्हर बंद करायचा नसतो.
जुनी ओढली, ट्रेचे चार स्क्रू काढून नवीला लावले,
आत सरकवली. खट्.
हिरवा दिवा लुकलुकू लागला: तिघी आपापल्या आठवणीतून
चौथीला सांगतायत, नऊ वर्षं, पहिल्यापासून.
तीन टक्के. सात.
बाहेर रात्री नऊलाही भिंती गरम.
टेबलफॅन मी सर्व्हरच्या पाठीशी लावला,
स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेत बसले.
अकरा वीसला लाईट गेली. शेडमधले सगळे माग एका दमात थांबले.
इन्व्हर्टरवर आमचं चालूच, एकेचाळीस.

पाळी संपली होती तरी काका घरी गेले नव्हते.
डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी अर्धी माझ्यापुढे सरकवली,
मग उठून सर्व्हरवर तळहात ठेवला,
मागावर ठेवतात तसा. त्यांना ऐकू येतं ते आता एवढंच.
हात सरकवत सरकवत चौथ्या खणावर, तिसऱ्यावर, दुसऱ्यावर.
"नवी छान चालतीय."
पहिल्यावर हात थांबला.
बराच वेळ तिथेच.

स्क्रीनवर चारही दिवे हिरवे होते. त्रेसष्ट टक्के.
मी काही विचारलं नाही.
फळीवरची दुसरी डिस्क खाली घेतली, पिशवी न फोडता
स्क्रूड्रायव्हरशेजारी ठेवली.