खाच

लिएजच्या चाचणीघरात माझं काम तारा बांधायचं.
दोन लाकडी चौकटी, दोन्हींवर केसाएवढी तांब्याची तार,
पहिली नळीपासून थोडी दूर, दुसरी त्याच्यापुढे पन्नास पावलं.
गोळी जाते, तारा तुटतात, मी पुन्हा बांधते.
दिवसाला साठ बार. जेवतानाही बोटांना तांब्याचा वास.

भिंतीजवळ कोलिन्यों यांचं यंत्र:
विजेच्या चुंबकाला लटकलेली, जस्ताचं वेष्टण ल्यालेली कांडी.
पहिली तार तुटली की कांडी सुटते,
दुसरी तुटली की बाजूचं पातं उसळतं
आणि पडत्या कांडीला खाच पाडतं.
खाचेवरून वेळ, वेळेवरून वेग.
"कळलं का, उबेर्तीन?" पहिल्याच दिवशी ते म्हणाले,
"मोजायचं असतं उडणाऱ्याला,
खूण मात्र पडणाऱ्याच्या अंगावर."

मी विचारलं, मग तार अगदी तोंडाशीच का नाही बांधत?
तोंडाशी आग असते, पोरी.
गोळीआधी धक्काच तार तोडून टाकेल.
तोंडापाशीचा वेग या खोलीत कुणी पाहिलेला नाही,
तो पुढच्या तारांवरून मागे मागे हिशेब करत काढायचा.
आणि एवढं पाठ कर, तिथेच तो सगळ्यात जास्त.
नंतर मागून रेटणारं कुणी नाही, समोर नुसती हवा,
आणि हवा कुणालाच फुकट जाऊ देत नाही.

फेब्रुवारीत एक शिकारी तक्रार घेऊन आला.
आर्देनच्या झुडपांत अडकते म्हणून
त्याने नळी वीतभर कापून घेतली होती.
बार झाला आणि खोली पिवळी झाली, तावदानं थरथरली,
माझ्या कानांत दुपारपर्यंत घंटा.
कांडीवरची खाच मात्र वर सरकलेली,
म्हणजे कांडी जास्त पडली, म्हणजे गोळी मंद.
"उरलेली दारू बाहेर जळाली," कोलिन्यों म्हणाले,
"नुसता उजेड. वेग येतो तो आत कोंडून राहण्यातून."

तेव्हा मला आमचं जेवणाचं टेबल आठवलं.
जिस्लँ ओरडत होता. ताटली फोडली,
खाणीला शिव्या, घराला शिव्या, भिंतीवरच्या संतालाही,
आणि मातादीच्या बोटीचं तिकीट सूपच्या भांड्याशेजारी.
बाबा बराच वेळ चमचा पुसत राहिले.
मग म्हणाले, "जा."

आवाज म्हणावा तर तोही नाही.

जिस्लँची पत्रं येतात आता.
ऊन, पगार, नखात शिरणारे किडे,
आईच्या गुडघ्यांची चौकशी.
बाबांबद्दल अवाक्षर नाही.
मी त्या ओळींवरून मागे मागे हिशेब करत जाते,
कागद पुरत नाही.

बाबा संध्याकाळी खाणीतून येतात,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबतात
कठडा धरून, हल्ली रोजच.
मी दिवा वर धरते. काही विचारत नाही.
उद्याच्या तारा अजून कापायच्या आहेत.