टिटवीपुरती जागा

सिरपूरच्या तळ्यात एक बेट आहे.
बेट कसलं, गाळाचा उंचवटा,
अकरा बाभळी आणि मधे टक्कल.
टकलावर टिटव्या अंडी घालायच्या,
उघड्यावरच, खड्यांत खडे मिसळावेत तशी.

केसरबाई ट्यूबवर फळी बांधून यायची,
म्हशींसाठी गवत कापून न्यायची.
आम्ही बंदी घातली.
पाटी मीच रंगवली, हिंदीत,
लाल अक्षरं, खाली दंडाची रक्कम.

दोन वर्षांत गवत कमरेला लागलं.
पाणकावळे वाढले. त्यांच्या शिटेनं
बाभळी पांढऱ्या झाल्या, तीन वाळल्या.
टिटवी मात्र
आता पार्किंगच्या खडीत बसते,
प्रत्येक स्कूटरवर ओरडते.

वहीत लिहिलं: बेट, टिटवी, शून्य.
शून्य काढायला वेळ लागत नाही,
पेन उचलायला लागतो.

काल तिच्या गोठ्यावर गेलो.
पाणी दिलं तिनं, बस म्हणाली नाही.
"फाल्गुनात दोन सकाळी ये," म्हटलं,
"टक्कल पुन्हा करायचंय."
शेणाचे हात पुसत म्हणाली,
"पहले वो बोर्ड हटाओ, साब.
भैंस को पढ़ना नहीं आता.
मुझे आता है."