खरी नक्कल

कसबा बावड्याच्या नव्या कोर्टात
तळमजल्यावर नक्कल विभाग.
तिथली मोडी वाचणारी मी.
लोक खिडकीशी येऊन ओरडतात.
मी पाटीवर बोट ठेवते :
अर्ज लिहून द्यावा.

आजचा अर्ज रुकडीचा.
करवीर इलाखा, शके अठराशे चाळीस,
दावा वाटणीचा.
वादी तवनाप्पा, प्रतिवादी सख्खा भाऊ आदगोंडा.
ओढ्याकाठची साडेचार एकर,
मोटेची विहीर, निम्मं गुऱ्हाळ.

शास्त्र तेव्हा असं होतं,
आणि शास्त्र तोच कायदा :
जन्मापासून बहिरा, त्यास हिस्सा नाही,
अन्नवस्त्र द्यावे.
कान मागाहून गेले असतील तर हिस्सा आहे.
म्हणजे विहिरीसकट सगळी जमीन
'जन्मतः' या एका शब्दावर टेकलेली.

सुईण गंगव्वाची जबानी :
"बाळ झाल्याबरुबर काशाची थाळी वाजवली.
पोर दचकलं न्हाई."
थाळी कोर्टात हजर. निशाणी अकरा.

मग आई, चंपव्वा :
"आगीनगाडीची शिट्टी झाली की
मान वळवायचा माझा ल्योक.
तिसऱ्या वर्षी देवी आल्या,
जाताना कान घिऊन गेल्या."
उलटतपासात तीनदा हेच.
चौथ्यांदा कारकुनानं लिहिलंय : साक्षीदार रडते.
खोटं बोलली असेल?
असेल.
बोलली असेल तर झकास बोलली.

तवनाप्पाची जबानी नाही.
बत्तीस पानं मी दोनदा उलटली.

निकाल चार ओळींचा, त्यात तीन 'सबब'.
वादी जन्मबधिर, सबब हिस्सा नामंजूर.
सालीना दोन मण जोंधळे, दोन धोतरं, एक घोंगडं.
खाली त्याचा डावा अंगठा, जरा फराटलेला,
आणि अंगठ्याशेजारी रिवाजाप्रमाणे :
वाचून दाखवले, ऐकून कबूल.

पुढं कायदा बदलला.
माझ्या नावावर आठ गुंठे आहेत, सातबाऱ्यावर.
तलाठ्यानं मला तो मोठ्यानं वाचून दाखवला,
मी त्याच्या मिशा हलताना बघत राहिले.
आणि माझ्या वेळी थाळी वाजलीच नव्हती,
पोरगी झाली म्हणून.
तेव्हा मी जन्मतः की मागाहून,
याचा पुरावा कुणापाशीच नाही.

अर्जदार आदगोंडाचा पणतू.
खिडकीबाहेर उभा, फोनवर बोलतोय.
त्याला हे पान कशाला हवंय ते अर्जात नाही.
मी पानापानावर शिक्का मारते : खरी नक्कल.
शिक्का आदळतो तसं टेबल हलतं,
मनगटातून कोपरापर्यंत चढतं.

गंगव्वा, थाळी तू हवेत धरली होतीस
की पोराच्या बाजेला टेकवून?

पान सातवर बघितलं.
वादीतर्फे उलटतपास : नाही.