चिंच होती तिथून

आमच्या मानाग्वात रस्त्यांना नावं नाहीत.
होती म्हणतात थोडीफार. पण बहात्तर साली,
नाताळ दोन दिवसांवर आलेला असताना,
मध्यरात्री शहर खाली बसलं,
आणि पाट्या ज्या भिंतींवर होत्या
त्या भिंतीच उरल्या नाहीत.

तेव्हापासून पाकिटावर असं असतं:
दोन्या एर्मेलिंदा,
चिंच होती तिथून दोन चौक तळ्याकडे,
तीस वार वर,
पोपटाच्या घरासमोर.

वर म्हणजे उगवतीला. खाली म्हणजे मावळतीला.
एवढं कळलं की टपाल वाटता येतं,
बाकीचं, नसलेल्या वस्तूंना विचारायचं.

मी नोकरीला लागलो तेव्हा चिंच नव्हतीच.
तिथं नीकानोर टायरवाला पंक्चर काढत बसलेला.
चिंच कुठं, विचारलं,
तर म्हणाला, हिच्यावर तर बसलोय!
त्यानंही पाहिली नव्हती. बापाकडून ऐकलेली.
पोपट मात्र माझ्या देखत मेला.
पिंजऱ्यात आता कांदे ठेवतात.
घर अजून पोपटाचं.

गेल्या साली कचेरी हलवली.
जुनं कपाट भिंतीपासून ओढलं तेव्हा
मागून एक निळं पाकीट पडलं,
झुरळांनी कडेनं कुरतडलेलं,
शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा.
साहेब म्हणाले, राहू दे आता.
मी ते शर्टाच्या आत घातलं.

दोन्या एर्मेलिंदानं दारातच फोडलं.
मला वाडगाभर पिनोलिओ दिलं,
म्हणजे थांब, असं.
मक्याचा रवा तळाशी बसेपर्यंत ती वाचत होती.
पत्र बहिणीचं, ओतिलियाचं, ह्यूस्टनहून.
मशीन मी नेलं त्याचा राग गेला का?
गेला असेल तर या पत्त्यावर लिही.
पत्ता मग ठळक अक्षरात:
घर क्रमांक, मजला, रस्ता, पाच आकडी पिनकोड.
एक आकडा कमी नाही.

राग, ती म्हणाली, मला वाटलं तिलाच आलाय.
अकरा वर्षं.

उत्तर गेलं.
सात आठवड्यांनी परत आलं.
वर जांभळ्या शाईचा हात, बोट आमच्याकडे रोखलेलं:
या पत्त्यावर अशी कुणी राहत नाही.

मी ते द्यायला गेलो तेव्हा काय बोलावं सुचेना.
तिनं पाकीट उलटसुलट पाहिलं,
आतून पेन आणलं,
तो पूर्ण, बिनचूक पत्ता
दोन रेघांनी खोडला आणि खाली लिहिलं:

ओतिलिया,
डाव्या पायानं लंगडते, शिवण शिवते,
राग आला की शिट्टी वाजवते.
ह्यूस्टन.

म्हटलं, दोन्या, तिकडं असं चालत नाही.
तिकडं मशीन वाचतं पत्ते.
मग मशीनला सांग, ती म्हणाली,
आणि पोपटाच्या घराकडं बघत राहिली,
जिथं कुणीतरी पिंजऱ्यातून कांदे काढत होतं.

कचेरीत मी नवीन तिकीट लावलं,
लागतं त्याहून जरा जास्तीचं.
मग खिडकीवर कुणी नाही असं बघून
तिच्या अक्षराखाली पेन्सिलीनं, बारीक,
मला येतं तेवढ्या इंग्रजीत:

भाऊ, कुणाला तरी विचार.
आम्ही विचारतो.