दोन लारी

तिबिलिसीत सहा वाजता, भुयारी वाटेच्या तोंडाशी,
जिथे पायऱ्या संपतात आणि वारा वळतो,
तिथे मी घडीची खुर्ची उघडते.
पेटी पुढ्यात. आत लाल मखमल,
एका कोपऱ्यात उंदरानं खाल्लेली.
बोहनी माझी मीच करते: एक लारी, थोडी तेत्री.
रिकाम्या पेटीत कुणी टाकत नाही,
हे मला वख्तांगनं शिकवलं.
तो आता बातुमीला जहाजावर वाजवतो
आणि फोन उचलत नाही.

मग पुठ्ठा: तुम्ही सांगा, मी वाजवते.
अक्षर माझ्या मुलीचं. खाली तिनं फूल काढलंय,
की फुटलेलं अंडं,
विचारायची सोय नाही.

पहिली फर्माईश पोलिसाची. काहीतरी लग्नातलं, म्हणाला.
थांबून ऐकायची त्याला मुभा नाही,
म्हणून तो पायऱ्या चढतो, उतरतो, पुन्हा चढतो.
गाणं संपेतो त्याच्या दोन फेऱ्या होतात.

दोन मुली येतात. त्यांना हवं ते गाणं
याच महिन्यात जन्मलंय. गुणगुणून दाखवतात.
मी शेपूट धरते
आणि अख्खं जनावर बाहेर ओढते.
पैसे नाहीत म्हणतात, अर्धी खाचापुरी ठेवून जातात,
कागदातून वाफ येणारी.

मग तो पातळ कोटातला मुलगा.
बोलतो इतकं हळू, की भाषा कुणाला कळू नये.
पण कळतेच.
"आमच्याकडचं एखादं."
शाळेत घोकून घेतलेलं एक आहे माझ्याकडे,
शब्द मी मुद्दाम विसरलेय,
बोटं विसरलेली नाहीत.
समोर लमारा सूर्यफुलाच्या बियांचा पेला
खाडकन आपटते.
तिचा भाऊ सुखुमीला राहिला,
म्हणजे राहिलाच.
मी भाता अर्ध्यात मिटते. मुलगा मान हलवतो,
तरीही पाच लारी ठेवतो, जातो.
लमारा त्या नोटेकडे बघत नाही,
मीही नाही.

आठाच्या सुमाराला म्हातारा येतो,
हातात काठी आणि रिकामी काचेची बरणी.
दोन लारी आधीच टाकतो. आगाऊ, म्हणतो.
"माझी बायको लोकर झोडताना म्हणायची, ते."
शब्द? नाही येत.
कशाबद्दल होतं? "लोकरीबद्दल नव्हतं."
मग काठी हवेत उचलून जमिनीवर:
थप्, थप्-थप्.
"एवढं माझ्याकडे आहे. बाकीचं तू काढ."

मी काखेतीकडचं एक वाजवते. नाही.
मळणीचं. नाही.
अंगाई वाजवते. "ती कधी कुणाला झोपवायची नाही."
गाव कुठलं तिचं?
"गाव कसलं, आम्ही पाचव्या मजल्यावर.
खाली अंगणात झोडायची,
मी वरून ऐकायचो."
आता माणसं थबकतात. ज्याला जे येतं ते पुढे करतो,
पोलीससुद्धा, अकराव्या पायरीवरून.
नाही. नाही. तेही नाही.

आणि लमारा उठते. एप्रनमधल्या बिया झटकते
आणि गाते, गंजलेल्या कडीसारख्या आवाजात,
मी कधीच न ऐकलेलं काहीतरी.
भाता धरून मी नुसती बसते.
म्हातारा कानामागे हात धरून
शेवटपर्यंत ऐकतो.

"छान आहे," म्हणतो. "पण हे नाही."
मग वाकतो, गुडघे वाजतात,
पेटीत चाचपून
नेमकी आपलीच दोन नाणी उचलतो,
दिव्याखाली धरून खात्री करतो,
बरणीत टाकतो.
पायऱ्यांवरून ती खुळखुळत वर जातात.

कुणीच काही बोलत नाही.
मग लमारा: "आणि मी गायले, त्याचं काय?"
मी तिला खाचापुरी देते. गार झालेली.
ती माझ्या खुर्चीच्या दांड्याला टेकून खाते.

घरी पोर पसरून झोपलेली.
तिला उचलून बाजूला ठेवते, गादी नीट करते,
हात आपोआप पडतो:
थप्, थप्-थप्.
थांबते.
पुढचं येत नाही.

उद्या आला,
तर आगाऊ घेणार नाही.